ट्रकचं डिझेल इंजिन : वर्कशॉपमध्ये रोज विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात, पुणे-बंगळुरू महामार्गालगत शिरोलीच्या बाजूला एका ट्रक डीलरशिपच्या वर्कशॉपमध्ये इंजिनचं काम करतो. १९ वर्षं झाली. गाडी बेवर, म्हणजे कामाच्या जागेवर, लागली की मालक, ड्रायव्हर, कधी मालकांचा मुलगा शेजारी येऊन उभे राहतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात. हातात पाना असताना नीट सांगणं होत नाही, म्हणून सवडीनं लिहिलं आहे. एक गोष्ट बऱ्याच उत्तरांत पुन्हा येईल, ती आधीच सांगतो. इंजिन उघडण्याआधी ते का बिघडलं हे शोधायचं. कारण तसंच ठेवून बसवलेला नवा पार्ट त्याच कारणानं परत जातो, आणि भुर्दंड मालकाला बसतो.

गाडी आणली की आधी ड्रायव्हरलाच काय विचारत बसता? लॅपटॉप लावा की!

लॅपटॉप लावतोच. पण कुठलं रीडिंग चुकतंय एवढंच लॅपटॉप सांगतो. ते का चुकतंय हे बहुतेक वेळा ड्रायव्हरला माहीत असतं, त्याला कुणी विचारलेलं नसतं.

गेल्या उन्हाळ्यात एक बारा चाकी आली. रेल प्रेशर, म्हणजे नोझलकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, कमी असल्याचा कोड होता. आमच्याकडे येण्याआधी दुसरीकडे हाय प्रेशर पंप बदलायला सांगितला होता, आणि तो काही स्वस्तातला पार्ट नाही. मालक फोनवर. ड्रायव्हर विजापूरकडचे, वयानं मोठे, टायरला टेकून बसलेले. चहा दिला आणि विचारलं, ‘‘अण्णा, कधीपासून खेचत नाही?’’ म्हणाले, ‘‘टाकी भरली की चांगली पळते. अर्ध्याच्या खाली गेली की मेली.’’ टाकीतला सक्शन पाइप काढला, तर निम्म्या उंचीवर वेल्डिंगच्या शेजारी केसासारखी चीर. डिझेल चिरेच्या वर असतं तोवर काही कळत नाही. खाली उतरलं की पंप डिझेलऐवजी हवा ओढतो. पाइप बदलला, एअर काढली, गाडी त्याच संध्याकाळी निपाणीच्या दिशेनं गेली.

म्हणून गाडी पाठवताना रोज चालवणारा ड्रायव्हरच पाठवा. बदली माणसाच्या हातात चावी दिली की आमचे दोन दिवस नुसता अंदाज बांधण्यात जातात.

धुराच्या रंगावरून खरंच कळतं का?

दिशा कळते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा, मग टर्बोपासून (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) इंटरकूलरकडे (ती हवा गार करणारी जाळी) जाणारे होज. होज खालच्या अंगाला फाटलेला असला तर उभ्या गाडीत दिसत नाही, लोडवर फुगला की शिट्टी मारतो. थंडीतल्या सकाळी दोन मिनिटं पांढरा धूर आला आणि गेला तर ते न जळालेलं डिझेल. इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये चाललंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय.

बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या गाडीत मात्र काळा धूर दिसायलाच नको, कारण काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे सिलेन्सरमधल्या फिल्टरमध्ये, अडते. गाडी गार असताना सिलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवा. बोट काळंकुट्ट निघालं तर फिल्टर फुटलाय किंवा कुणीतरी आतून काढून टाकलाय.

माझी बीएस-६ गाडी उसाला लावली आहे. डीपीएफचा दिवा सारखा का लागतो?

हा प्रश्न दर डिसेंबर-जानेवारीत रोज येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि ट्रकच्या सिलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आला. साठलेली काजळी जाळून टाकायला त्याला ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. मुंबई-बंगळुरू पळणाऱ्या गाडीचा एक्झॉस्ट तासन्‌तास तापलेला असतो, तिथं बरीचशी काजळी चालता चालताच जळते. उसाच्या गाडीचं तसं नाही. फडातून कारखाना पंधरा-वीस किलोमीटर, आणि पुढं काट्यावर नंबर लागेपर्यंत अख्खी रात्र रांगेत. बॅटरी उतरलेली असते, परत सेल मारायला नको म्हणून इंजिन चालूच ठेवलेलं असतं. नुसत्या आयडलिंगवर एक्झॉस्ट गारच राहतो. काजळी साठत जाते, जळत नाही.

मग गाडी स्वतःच रीजन सुरू करते, म्हणजे जादा डिझेल वापरून फिल्टर तापवते आणि काजळी जाळते. तेवढ्यात रांग पुढं सरकते, ड्रायव्हर इंजिन बंद करतो, रीजन अर्धवट राहतं. असं चार-पाचदा झालं की दिवा लागतो, आणि तरीही दुर्लक्ष केलं की गाडीची ताकद कमी होते. याहून वाईट म्हणजे, ज्या इंजिनांत रीजनसाठीचं जादा डिझेल सिलिंडरमध्येच सोडलं जातं, त्यांत थोडं डिझेल लायनरवरून (सिलिंडरच्या आतली नळी) उतरून ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं. ‘‘मिस्त्री, माझी गाडी ऑइल खात नाही, उलट वाढतंय,’’ असं एका ड्रायव्हरनं मला मोठ्या समाधानानं सांगितलं होतं. डिपस्टिक नाकाशी धरली तर डिझेलचा वास. संप (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) काढला तेव्हा बेरिंगचं तांबं दिसायला लागलं होतं. अजून आठवडाभर गेला असता तर क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा, गेला असता.

उपाय साधा आहे. रांगेत इंजिन बंद ठेवा आणि त्यासाठी बॅटरी चांगली ठेवा. आठवड्यातून एकदा भरलेली गाडी हायवेवर अर्धा-पाऊण तास सलग पळू द्या. दिवा लागलाच तर उभ्या गाडीचं रीजन पूर्ण होईपर्यंत चावीला हात लावू नका. आणि हे फार कळकळीनं सांगतो: फडात, पाचटावर गाडी उभी करून रीजनला कधीही लावू नका. त्या वेळी सिलेन्सर इतका तापतो की वाळलेलं पाचट पेटायला क्षण पुरे. आम्ही वर्कशॉपमध्ये मोकळ्या काँक्रीटवर रीजन करतो, तेव्हासुद्धा मागं कुणाला उभं राहू देत नाही.

घरी युरियाची पोती आहेत. पाण्यात कालवून टाकला तर काय बिघडतं?

बीएस-६ गाडीत धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीतून एक्झॉस्टमध्ये युरियाचं पाणी फवारलं जातं. हा गाडीतला युरिया म्हणजे ३२.५ टक्के अगदी शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. शेतीच्या युरियाला २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. ते तेल आणि बोअरच्या पाण्यातले क्षार कॅटॅलिस्टच्या (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) बारीक छिद्रांवर बसतात आणि नंतर काही केल्या निघत नाहीत. युरिया फवारणाऱ्या डोसिंग नोझलच्या तोंडाशी खडीसाखरेसारखा पांढरा खडा जमतो. असा खडा मी चांगल्या युरियाच्या गाडीतही पाहिला आहे, कारण आयडलिंग फार झालं की तिथंही जमतो. पण घरच्या युरियाच्या गाडीत तो दर महिन्याला जमतो.

हिशेबही करून बघा. १०० लिटर डिझेलमागं साधारण ३ ते ५ लिटर युरिया जातो. तेवढ्यात वाचून वाचणार किती? आणि जे पोतं सरकार पिकासाठी सवलतीत देतं, ते पिकालाच घाला.

चुकून युरिया डिझेलच्या टाकीत पडला. आता?

चावी फिरवू नका, नुसती ऑनसुद्धा करू नका. युरियाचं पाणी डिझेलपेक्षा जड असतं, तळाला बसतं, आणि सक्शन पाइपचं तोंड तळाजवळच असतं. टाकी उतरवून धुतली की विषय संपला. एकदा इंजिन चालवलंत की पंपापासून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत सगळं उघडावं लागतं. उलटं झालं, म्हणजे डिझेल युरियाच्या टाकीत गेलं, तरी नियम हाच.

डीपीएफ काढून युरिया बंद करून देता का?

नाही. वॉरंटी जाते, कायद्यात बसत नाही, आणि तो धूर आम्ही दिवसभर शेडमध्ये ओढतो. जुन्या काळातले आमचे दोन मिस्त्री पन्नाशीतच दमेकरी झालेले मी पाहिले आहेत.

कुठला सिलिंडर मरतोय ते बघायला नोझलचा नट सैल करून बघू का? आधी तर असंच करायचो.

कृपा करून करू नका. जुन्या पंपाच्या गाडीत नोझल दोनशे-अडीचशे बारवर उघडायचा. तेव्हा नट सैल केला तर डिझेल हातावर उडायचं, पुसलं की झालं. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीत, हाच दाब १६०० ते २००० बार, काही इंजिनांत त्याहूनही जास्त असतो. एवढ्या दाबाची बारीक धार हातमोजा फाडून कातडीत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. दोन-चार तासांनी बोट सुजतं, आणि उशीर झाला तर बोट कापावं लागतं. कुणाला असं झालं तर टिंक्चर लावून कामाला लागू नका. लगेच सर्जनकडे न्या आणि डिझेल दाबानं आत गेलंय हे स्पष्ट सांगा. गळती बघायचीच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, हात नको.

आम्ही लॅपटॉपवरून एकेक सिलिंडर बंद करून बघतो. आणि हो, बहुतेक कॉमन रेल नोझलवर एक कोड कोरलेला असतो. नोझल बदलला किंवा अदलाबदल केला की तो कोड इसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो. रस्त्यात कुणी नुसता नोझल घालून दिला की गाडी खडखडते आणि ‘‘नवा नोझल पण खराब निघाला’’ म्हणत मालक आमच्याकडे येतात.

नोझल इतक्या लवकर का जातात?

पाणी आणि धूळ. नोझलच्या आतल्या भागांत फट असते ती काही मायक्रॉनची. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. बांधावर बॅरलमधून, गवत अडकलेल्या चाळणीतून डिझेल भरलं की काय होणार? पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरचा खालचा नळ रोज सकाळी दोन मिनिटं सोडा.

पुरात गाडी बुडाली होती. पाणी उतरल्यावर सेल मारून बघितला तर चालेल ना?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि गाड्यांच्या रांगा दिवसेंदिवस उभ्या राहिल्या. २०१९ मध्ये एकाच रांगेतल्या दोन गाड्या आमच्याकडे टोचन करून आल्या. दोन्ही एकाच मॉडेलच्या, पाणीही सारखंच चढलेलं.

पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरनं पाणी उतरल्या उतरल्या सेल मारला. एकदाच ठक्‌ आवाज झाला आणि इंजिन जागच्या जागी थांबलं. आम्ही सगळे नोझल काढले आणि क्रँकला पाना लावून हातानं फिरवलं, तर तिसऱ्या सिलिंडरच्या भोकातून गढूळ पाण्याचा फवारा माझ्या छातीपर्यंत आला. शर्टावर नदीचा गाळ. हेड उतरवून पिस्टन वर आणून डायल गेज लावलं. बाकीचे पाच पिस्टन एका पातळीत, तिसरा त्यांच्यापेक्षा अडीच मिलिमीटर खाली. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग वाकतो तो कन्रॉड, पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा. हातात धरला तर तो सरळच वाटत होता. सरफेस प्लेटवर दुसऱ्याच्या शेजारी ठेवला तेव्हा फरक दिसला. त्या मालकांनी वर्षभराचे हप्ते भरून घेतलेली गाडी होती, त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

दुसऱ्या ड्रायव्हरनं चावीला हातच लावला नव्हता. बॅटरीची वायर सोडून तो टपावर बसून राहिला होता. तिथं आम्ही संपचा बोल्ट हळूच सैल केला. पाणी जड, म्हणून आधी पाणी आलं, मग ऑइल. नोझल काढून सिलिंडर कोरडे केले, ऑइल दोनदा बदललं, सगळे फिल्टर नवे घातले, डिझेलची टाकी धुतली, गिअरबॉक्स, डिफरेन्शियल आणि हबचं ऑइल बदललं, वायरिंगचे प्लग उघडून वाळवले. चार दिवसांत गाडी रस्त्यावर.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. आम्ही ३९ ला पोहोचायची वाट न बघता वर्कशॉपच्या खालच्या अंगाच्या गाड्या हलवतो. तुम्हीही तेच करा.

घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका म्हणता, ते का?

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. गगनबावड्याचा किंवा आंब्याचा घाट भरलेल्या गाडीनं चढून आलात, चहाची टपरी दिसली आणि चावी बंद केली, तर ऑइल थांबतं, शाफ्ट फिरतच राहतो, आणि आत अडकलेलं ऑइल करपतं. दोन-तीन मिनिटं आयडलिंगवर ठेवा.

इथं माझी स्वतःची एक चूक सांगतो. कामाला लागून पाच-सहा वर्षं झाली होती. गुळाचे रवे भरलेली एक गाडी मार्केट यार्डातून निघाली होती, तिचा टर्बो गेला. मालाची घाई, म्हणून मी टर्बो बदलला आणि इंटरकूलर न धुता गाडी जोडली. जुन्या टर्बोनं त्यात भरपूर ऑइल ओकलेलं होतं. ट्रायलला चढावर जोर दिला आणि ते सगळं ऑइल इंजिननं आत ओढलं. इंजिन स्वतःच रेस व्हायला लागलं. चावी काढली तरी थांबेना, कारण डिझेल बंद झालं तरी ऑइल जळतच होतं. ड्रायव्हर जुना माणूस. त्यानं सगळ्यात वरचा गिअर टाकला, ब्रेक दाबून धरला आणि क्लच सोडला. गाडी गचका देऊन थांबली. दहा सेकंद उशीर झाला असता तर ब्लॉकला भोक पडलं असतं. तेव्हापासून टर्बो गेलेल्या गाडीचा इंटरकूलर मी स्वतः उतरवून धुतो आणि ऑइलचा पाइप चोंदलाय का ते बघतो. टर्बो का गेला ते कळल्याशिवाय नवा बॉक्स फोडत नाही.

घाट उतरताना न्यूट्रल केलं तर डिझेल वाचतं ना?

उलट होतं. गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की कॉमन रेल इंजिन डिझेल पूर्ण बंद करतं. न्यूट्रलमध्ये आयडलिंगसाठी ते जळत राहतं, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच. पण उतारावर घाईनं फार खालचा गिअरही ठोकू नका. चाकंच इंजिन पळवतात तेव्हा इसीएमला काही करता येत नाही, आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. करूळ घाटातून अशा गाड्या टोचन होऊन येतात.

रेडिएटरमध्ये साधं पाणी का नको? वडिलांनी आयुष्यभर विहिरीचंच घातलं.

बऱ्याच ट्रकच्या इंजिनांत लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरतं. प्रत्येक स्फोटाला लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगावर बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लोखंड टोचत राहतात. कूलंटमधलं रसायन लायनरवर थर धरून हे थांबवतं. साधं पाणी थांबवत नाही.

ऑइल दुधाळ चहासारखं झालेली एक गाडी आली होती. हेड गॅस्केट ठीक, ऑइल कूलर ठीक. शेवटी लायनर ओढून काढला आणि शेडच्या दाराकडं तोंड करून आतून बघितलं. काळोखात टाचणीएवढा उजेडाचा ठिपका. बाहेरून देवीच्या व्रणांसारखे खड्डे, त्यातला एक आरपार गेलेला. मालकांना बोलावून त्यांच्याच डोळ्याला लायनर लावला. तेव्हापासून ते कूलंटचा कॅन केबिनमध्ये ठेवतात.

हाफ इंजिन करायचं की फुल? आणि इतके दिवस का लागतात?

ऑइल भरायचं टोपण काढून आयडलिंगवर बघा. जोरात धूर भकभक येत असेल तर रिंग-लायनरचं काम आलं. आमच्या भाषेत हाफ इंजिन म्हणजे पिस्टन, रिंग, लायनर, बेरिंग. फुल म्हणजे इंजिन उतरवून क्रँकसकट. ऑइल प्रेशर चांगलं आणि क्रँकवर ओरखडा नसेल तर मी फुल करायला सांगत नाही.

दिवस जातात ते धुण्यात आणि मोजण्यात. लायनर ब्लॉकच्या वर किती उभा राहतो, तेही मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बघावं लागतं. हेडचे बोल्ट आधी टॉर्कवर आणि मग अंशात फिरवून ताणतात. बऱ्याच इंजिनांत ते एकदाच वापरायचे असतात, तेव्हा ‘जुनेच टाका’ म्हणू नका. आणि इंजिन रूमचं दार आम्ही बंद ठेवतो याचा राग मानू नका. शिरोलीत आजूबाजूला फाउंड्र्या, हवेत बारीक काळी वाळू. याच फाउंड्र्यांतून गाड्यांचे ब्लॉक आणि हेड ओतून जातात, त्याचा मला अभिमान आहे. पण तीच वाळू बेरिंगवर बसलेली मला चालत नाही.

उद्यमनगरातल्या खासगी गॅरेजमधून केलं तर स्वस्त पडतं. काय म्हणता?

जुन्या पंपाची गाडी असेल तर खुशाल करा. तिथल्या काही मिस्त्रींच्या कानाइतका माझा कान तयार नाही, आणि क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंगमध्ये त्यांचा हात धरणारं कुणी नाही. बीएस-६ ला मात्र कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. ते नसताना सेन्सर बदलत बसलं की स्वस्त काम महाग होतं.

वॉरंटी क्लेम का नाकारला जातो?

बहुतेक वेळा सर्व्हिसची नोंद नसते. ऑइल बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि बिल जपून ठेवा. दिवा लागल्यावर गाडी किती किलोमीटर चालवली, तेही इसीएममध्ये दिसतं.

मुलाला या कामात घालू का?

आवड असेल तर जरूर. आयटीआयचा मेकॅनिक डिझेल हा ट्रेड एका वर्षाचा आहे, दहावीनंतर करता येतो, मग अ‍ॅप्रेंटिस म्हणून वर्कशॉपमध्ये यावं. पहिले सहा महिने फक्त धुणं आणि मोजणं करायची तयारी हवी. वायरिंगचं डायग्राम वाचायला शिकला तर त्याला कुठंही काम मिळेल.

सीझन सुरू व्हायच्या आधी काय करून घ्यावं?

ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, बॅटरी, होजच्या क्लिपा, नोझलची लॅपटॉपवर तपासणी आणि डीपीएफमध्ये किती काजळी आहे ते. एका दिवसाचं काम आहे. ऊस सुरू झाल्यावर कुणाकडंच एक दिवस नसतो आणि मार्चमध्ये तीच गाडी दहा दिवस आत राहते. दसऱ्याच्या आधी आणा. खंडेनवमीला आमची हत्यारं पूजेत असतात, त्या दिवशी गाडी घेत नाही. चार दिवस आधी फोन करून या, आणि ड्रायव्हरला बरोबर आणा.